दोन जावांचं टपाल

आमच्या बंदरावर समुद्राकडे तोंड करून बसतो तो एक तर पाहुणा असतो, नाहीतर बिनकामाचा. बाकीचे आम्ही समुद्राला पाठ दाखवून जगतो. माझं दुकान दोरखंड, गळ, रंगाचे डबे आणि कंदिलाच्या काचा विकण्याचं, आणि त्याचं तोंडही रस्त्याकडे आहे. त्यामुळे समोरच्या ताडपत्रीच्या कारखान्यात काय चाललंय ते मला सगळं माहीत असतं. समुद्रात काय चाललंय ते दुसऱ्या कोणाला विचारा.

कारखाना हा शब्द मालकिणींचा. प्रत्यक्षात ती एक लांबट खोली आहे. दोन टोकांना दोन दणकट शिलाई मशिनं, मधे जमिनीवर पसरलेलं जाड कापड, आणि वर कापडाचे गठ्ठे ठेवायला माळा. होड्यांवर टाकायच्या ताडपत्र्या, लाँचची छतं, इंजिनांची झाकणं इथे शिवून मिळतात. मालकिणी दोन, सख्ख्या जावा. धंदा त्यांच्या नवऱ्यांनी काढला आणि ह्यांनी चालवला. थोरला आजारपणात गेला. धाकटा एका होडीवर शीड बसवायला गेला, तो होडीसकट परत आला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. का टाकलं, ह्याची आमच्या बंदरावर डझनभर कारणं तयार होती आणि सगळी खात्रीची होती.

न बोलता जेवता येतं, झोपता येतं. न बोलता सोळा हात लांबीचं छत शिवता येत नाही. म्हणून दोघी निरोप्या म्हणून गावातल्या मुली ठेवायच्या. पण गावातल्या मुलीला आई असते, आत्या असते, शेजारीण असते. महिन्याभरात ती कुठल्या तरी एका जावेची बाजू घ्यायची आणि दुसरी तिला बाहेरचा रस्ता दाखवायची. शेवटी दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं. तेही माझ्यामार्फत झालं, कारण त्या आठवड्यात मुलगी नव्हती.

शहरातल्या कापडाच्या ठोक व्यापाऱ्याचा एक विक्रेता आमच्याकडे अधूनमधून यायचा. नीटनेटका माणूस, भांग सरळ, बोलणं त्याहून सरळ. थोरली त्याला म्हणाली, "आम्हाला एक मुलगी हवी कामाला. हुशार नसली तरी चालेल. मागेपुढे कोणी नसलेली हवी."

विक्रेत्याने चहाचा कप खाली ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाला, "आहे एक. माझी सख्खी पुतणी."

आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने कप उचलला आणि उरलेला चहा संपवला.

ह्या पुतणीचे आईवडील ती पहिलीत असताना एका अपघातात गेले. तेव्हा सगळे नातेवाईक जमले आणि तिला आपल्या घरी नेण्यावरून त्यांच्यात चढाओढ लागली. पहिले दोन दिवस ती चढाओढ 'मी नेणार' अशी होती. तिसऱ्या दिवशी 'सध्या' सुरू झालं. मामाकडे सध्या घराचं काम निघालं होतं. मावशीकडे सध्या सासूबाई होत्या. काका नेमका पाहुण्यांना बसवर सोडायला गेला होता, आणि परत येईपर्यंत ठरून गेलं होतं.

काकू मनाने मोठी होती. घर तेवढं लहान होतं. म्हणून मुलीचं अंथरूण दारामागच्या बोळकांडीत पडायचं. काकूने तिला कधी उपाशी ठेवलं नाही आणि ते बोलून न दाखवता कधी वाढलंही नाही. "आम्ही कधी भेद केला नाही हो," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि भेद कशात केला नाही ते दाखवायला मुलीला बाहेर बोलवायची. मुलगी बाहेर यायची, हसायची, कप उचलून आत जायची.

अशा घरात वाढलेलं माणूस एक विद्या शिकतं: कोणाचं बोलणं कोणाला कसं सांगायचं. काका चिडून म्हणायचा, "तुझ्या काकूला विचार, आज जेवण मिळणार आहे की उपास?" मुलगी आत जाऊन सांगायची, "काकांना वास आवडला, विचारतायत किती वेळ आहे." शेजारीपाजारी म्हणायचे, किती गुणाची पोर, कधी नाही म्हणून म्हणत नाही. नाही म्हणायला माणसाला आधी पाय रोवायला जागा लागते. हिच्या जागेवरून रोज सकाळी सगळ्यांच्या चपला जायच्या.

मग चुलतभावाचं लग्न ठरलं. सुनेचं कपाट यायचं होतं आणि ते फक्त बोळकांडीतच मावत होतं.

अशी ती आमच्याकडे आली. वय असेल वीसच्या आसपास, हातात एक बॅग, तोंडावर हसू. काका तिला दारात सोडून कापडाची ऑर्डर घेऊन पुढच्या बसने गेला. जाताना म्हणाला, "घरच समज." घर म्हणजे काय हे ज्याने तिला शिकवलं त्यानेच हे सांगावं, ह्याला धीर लागतो.

थोरलीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ताडपत्रीचं कापड पाहते तसं, आणि म्हणाली, "तिला सांग, पांढरा दोरा संपलाय."

मुलीने वळून पाहिलं. धाकटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ताडपत्रीच्या कडेला दोरी ओवायच्या कड्या ठोकत बसली होती. मधे कापडाखेरीज काही नव्हतं.

"त्यांना ऐकू येत नाही का?"

"तुझ्यापेक्षा चांगलं येतं. सांग."

"दोरा संपलाय म्हणतात," मुलगी धाकटीला म्हणाली.

"तिला सांग, कपाटात आहे. डोळे उघडून बघ म्हणावं."

"कपाटात आहे म्हणतात," मुलीने थोरलीला सांगितलं. डोळ्यांचा भाग तिने आपणहून गाळला.

माळ्यावर कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी तिची खाट टाकली होती. माळ्याला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. तिने ती कडी लावली, काढली, पुन्हा लावली. खालून थोरलीचा आवाज आला, "मोडशील ती."

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या कारखान्यातली भोंगा आली. भोंगा हे तिचं नाव नव्हे, पण खरं नाव आता तिच्या आईलाही आठवावं लागतं. बर्फाच्या लाद्या फोडायच्या यंत्रापाशी लहानपणापासून काम केल्यामुळे तिला हळू बोलता येत नाही. तिला गुपित सांगितलं की ते समोरच्या बेटावर ऐकू जातं. बर्फावर टाकायची फाटकी ताडपत्री खांद्यावरून खाली आपटून ती म्हणाली, "तूच का नवीन टपाल?"

हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

टपालने हसून सांगितलं की मला आईवडील नाहीत. पहिल्या भेटीत हे सांगितलं की समोरचा माणूस कळवळतो आणि मग पुढचं सोपं जातं, असा तिचा अनुभव होता. भोंगा म्हणाली, "माझ्या घरी दोन्ही आहेत, शिवाय दोघांचेही आईवडील आहेत. त्यातले निम्मे घेऊन जा." मग जरा थांबून विचारलं, "समुद्र बघितलास?"

"लांबून."

"जवळूनही तसाच आहे. चल."

तेव्हापासून दोघी दुपारच्या सुट्टीत धक्क्याच्या पायऱ्यांवर बसू लागल्या. भोंगा आपल्या घरातली भांडणं सांगायची आणि टपाल ऐकायची. ऐकण्यात ती पटाईत होती. भोंग्याने एकदा विचारलं, "तुला काय आवडतं खायला?" टपाल म्हणाली, "काहीही चालतं." भोंगा म्हणाली, "चालतं ते विचारलं नाही." टपालने खरोखर विचार करून पाहिला, तेव्हा तिला काकाला काय आवडतं, काकूला काय, चुलतभावाला काय, एवढंच आठवलं.

इकडे कारखान्यात टपालची सेवा जोरात चालली होती. पूर्वीच्या मुली ऐकलं तसं सांगायच्या. ही निरोप धुऊन, वाळवून, घडी घालून द्यायची. थोरली म्हणायची, "तिला सांग, असे टाके घातलेस तर होडीवाला ते तुझ्याच तोंडावर शिवेल." टपाल सांगायची, "टाके जरा जवळ घ्या म्हणतात." धाकटी म्हणायची, "तिला म्हणावं, स्वतःची शिवण बघ आधी, साप सरपटल्यासारखी दिसते." टपाल सांगायची, "बघते म्हणतात."

इथवर ठीक होतं. गाळणं ही कला आहे. पण माणसाला गाळणं जमलं की घालण्याचा मोह होतो. एक दिवस थोरली काहीच बोलली नसताना टपाल धाकटीला म्हणाली, "थोरल्या मावशी म्हणत होत्या, कालची पट्टी छान बसलीय."

धाकटीचं मशीन थांबलं. तिने मान वर केली नाही. नुसतं म्हणाली, "असं म्हणाली?"

"हो."

त्या दिवशी धाकटी जेवायला उठली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने थोरलीच्या मशिनाला न सांगता तेल घातलं. थोरलीने ते पाहिलं आणि टपालकडे पाहिलं. टपाल लगेच म्हणाली, "तुमचा हात अवघडतो म्हणून घातलं म्हणतात." हेही धाकटी म्हणाली नव्हती.

मग काय, गाडी उतारालाच लागली. थोरली धाकटीसाठी चहा झाकून ठेवू लागली. धाकटी थोरलीच्या पाठीशी उशी सरकवू लागली. मधे टपाल इकडून तिकडे अशी गोड वाक्यं नेत होती की ती ऐकून मला माझ्या दुकानात गुळमट वाटायचं. आम्ही सगळे म्हणायचो, पोरीने जादू केली. दोन बायकांची मैत्री होत होती हे खरं. फक्त ती ज्यांच्यात होत होती त्या दोघी बायका टपालने मनाने बनवलेल्या होत्या. ह्या दोघींशी त्यांचा संबंध नव्हता.

भोंग्याला तिने हे सगळं सांगितलं. म्हणजे अर्थात मलाही कळलं.

"तू खोटं बोलतेस," भोंगा म्हणाली.

"गोड बोलते."

"तेच म्हणते मी."

"कोणाचं वाईट होतंय का त्यात?"

"अजून नाही," भोंगा म्हणाली.

पलीकडच्या बेटावर माणसं नेणाऱ्या लाँचवाल्याने छताचं काम दिलं. माप घ्यायला धाकटी गेली होती. कापड कापायच्या दिवशी थोरली टपालला म्हणाली, "तिला सांग, लाँचवाल्याने मागे एक बाक वाढवलाय. पुन्हा माप घे म्हणावं. तिचं जुनं माप तिच्या अकलेएवढंच आखूड आहे."

आता हे जसंच्या तसं सांगावं तर इतक्या दिवसांचं गोड केलेलं दूध नासणार. अक्कल गाळली तरी माप चुकलं हे राहतंच. टपाल धाकटीजवळ गेली. धाकटी कात्री हातात घेऊन वाट पाहत होती, आणि तिचा चेहरा असा होता की आता आपल्याला चांगलंच ऐकायला मिळणार. टपालच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही घेतलेल्या मापावर त्या निर्धास्त आहेत."

बाकाचं नंतर वेगळं सांगू, असं तिने ठरवलं होतं. पण धाकटी एवढी खूश झाली की तिने तिथल्या तिथे कात्री चालवली.

छत बसवायला दोघी जावा आणि टपाल धक्क्यावर गेल्या तेव्हा बेटावर जाणारी माणसं लाँचमध्ये बसूनही झाली होती. छत पुढून ओढलं तर मागे हातभर कमी पडलं, मागून ओढलं तर पुढे. नवीन बाक उघडा राहिला. त्यावर एक लठ्ठ गृहस्थ उन्हात घाम पुसत बसले होते.

"ह्यांनी काय छत्री घेऊन बसायचं का?" लाँचवाला म्हणाला.

थोरली टपालकडे वळली. "तिला विचार, पुन्हा माप घे म्हणून मी सांगितलं होतं की नव्हतं."

गाळायला किंवा घालायला ह्यात काही जागाच नव्हती.

धाकटीने टपालकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांनी सरळ तिच्याशी बोलली. "तू म्हणालीस, माझ्या मापावर तू निर्धास्त आहेस."

"मी? तुझ्या मापावर?"

"मग पट्टी छान बसलीय म्हणालीस ते?"

"कुठली पट्टी?"

धाकटी खाली बसली, तिथेच, दोराच्या वेटोळ्यावर. "त्या दिवशी मला घास उतरला नाही," ती म्हणाली. "वाटलं, एवढ्या वर्षांनी एक चांगला शब्द बोललीस."

धक्क्यावर तोवर निम्मं बंदर जमलं होतं. मी दुकान उघडंच टाकून आलो होतो.

"बोललेही असते," थोरली म्हणाली. "बोलायला तू तोंड ठेवलंस का? खिडकीजवळून तुझं मशीन हलवलं तर वर्षानुवर्षं धरून बसलीस."

"न विचारता हलवलंस. ते गेले त्या महिन्यात. माझी जागा होती ती."

"जागा होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत समुद्राकडे डोळे लावून बसायचीस. जेवण नाही, खाणं नाही. कधी येईल ती होडी म्हणून. बघवत नव्हतं मला. आणि एक टाका सरळ पडत नव्हता तुझा."

आमची डझनभर खात्रीची कारणं तिथे एकदम बुडाली. त्यात हे नव्हतं.

"मग हे तेव्हाच सांगायचंस," धाकटी म्हणाली.

"तू विचारायचंस."

"अहो, माझ्या छताचं काय?" लाँचवाला म्हणाला. दोघींनी एकदमच त्याला गप्प बस म्हणून सांगितलं, आणि मग दोघी टपालकडे वळल्या.

बोलणी खाणं हा टपालच्या सवयीचा भाग होता, पण ती एका वेळी एकाची. इथे दोन बाजूंनी झाली. थोरली म्हणाली, "माझ्या तोंडात शब्द घालायला तुला कोणी सांगितलं होतं? माझी जीभ काय झिजली होती?" धाकटी म्हणाली, "आणि माझ्या नावाने मशिनाला तेल घातल्याची कारणं सांगतेस? मला तो कर्कश आवाज सहन होत नव्हता म्हणून घातलं." एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची, आणि मधेच पहिली दुसरीला म्हणायची, "हे बरोबर बोललीस."

टपाल गुपचूप कारखान्यात गेली. कोणी सांगायच्या आत निघून जायचं, म्हणजे सांगणाऱ्याला अवघड वाटत नाही, हाही एक तिचा शहाणपणा. बॅग घेऊन ती बसच्या वाटेला लागली. वाट बर्फाच्या कारखान्यावरून जाते.

"कुठे?" भोंग्याने यंत्राच्या वरच्या पट्टीत विचारलं.

"त्या हाकलतीलच मला."

"हाकललं का?"

"अजून नाही."

"मग आधी हाकलू तरी दे. त्यांचं काम तू कशाला करतेस?" भोंग्याने तिच्या हातातली बॅग घेऊन बर्फाच्या लादीवर ठेवली. "तोवर हे पोतं धर."

टपाल पोतं धरून उभी राहिली. फोडलेला बर्फ त्यात पडत होता आणि ती रडत होती. यंत्राच्या आवाजात ते कोणाला ऐकू आलं नाही, ही त्या यंत्राची पहिलीच सेवा. थोड्या वेळाने रस्त्यावरून दोन्ही जावा येताना दिसल्या, मागे अर्थातच मी. दोघी एकदम बोलत होत्या, आणि एकीचं दुसरी ऐकत नव्हती.

"इथे पोती काय धरतेस?" थोरली म्हणाली. "तिकडे जोडपट्टी कोण धरणार? उद्या छत द्यायचंय."

"मला वाटलं—"

"तुला वाटलेलं तू आजवर कधी बोललीस? आमच्याच नावाने बोलतेस."

"आता बोल," धाकटी म्हणाली. "काय वाटतं तुला? एकदा होऊन जाऊ दे."

भोंग्याने यंत्र बंद केलं. चालू दिवसात ते बंद झालेलं मी तेव्हाच पाहिलं. टपालने पोत्याचं तोंड आवळलं. मग हळूच म्हणाली, "धाकट्या मावशी, माप घेताना तुम्ही टेप सैल धरता." थांबली. "आणि थोरल्या मावशी, तुमच्या जिभेला हाड नाही. माझा अर्धा दिवस ती निस्तरण्यात जातो. कंटाळा आलाय मला."

"टेपचं खरं आहे," थोरली म्हणाली.

"जिभेचंही," धाकटी म्हणाली.

"बॅग ओली झाली तुझी," भोंगा म्हणाली.

छताला जोडपट्टी लावली. तसलं कापड शिल्लक नव्हतं, म्हणून निळ्या छताला मागे लाल पट्टी आली. लाँचवाला आधी कुरकुरला, मग लाल पट्टीखालचा बाक 'खास' आहे म्हणून लोकांना सांगू लागला. लठ्ठ माणसं आवर्जून तिथे बसतात.

काही महिन्यांनी काका आला. ऑर्डर घ्यायला आला, पण या खेपेला आधी पुतणीची चौकशी केली. घरी सुनेला दिवस गेले होते. काकूचे गुडघे दुखत होते. कपाट हलवून बघितलं तर बोळकांडीत अजून जागा निघत होती. "तुझ्यावाचून घर खायला उठतं," तो म्हणाला. "काकू रोज आठवण काढते. चल आता. आपलं ते आपलं."

टपाल जमिनीवर बसून कड्यांसाठी खुणा करत होती. जावा दोन टोकांना. कोणीच मशीन चालवत नव्हतं.

"मी येणार नाही, काका," ती म्हणाली.

काका हसला. "त्यांना बोलू दे की. त्या नाही म्हणतायत का?"

"आम्ही काहीच म्हणत नाही," थोरली म्हणाली. "म्हणायला जीभ शिवशिवतेय, पण नाही म्हणत."

"मीच म्हणतेय," टपाल म्हणाली. "मला यायचं नाही. मला तिथे आवडत नव्हतं."

काकाच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते खरं होतं, हे मी मान्य करतो. इतकी वर्षं फुकट खायला घातलेल्या माणसाला काही आवडतं-नावडतं असतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. "काकूला काय सांगू मी?" त्याने विचारलं.

"बाळाला बघायला येईन. राहायला नाही."

तो गेला. जाताना मला म्हणाला, "समुद्राच्या हवेने माणसं उर्मट होतात." मी म्हटलं, असेल, आम्ही कधी फारसं बाहेर बसत नाही.

आता बंदरही तेच म्हणतं. पूर्वी किती गोड बोलायची पोर, आता फाडकन तोंडावर बोलते. तोंडावर बोललेलं आवडत नाही असं सांगणारे लोक तिचीच ताडपत्री घेतात, कारण ती जोड कुठे आहे ते आधीच सांगते. तिची शिवण मात्र अजून वाकडी आहे. त्यात काही सुधारणा नाही. जावा दिवसभर एकमेकींशी बोलतात, म्हणजे भांडतात, आणि दुपारी झोपायची माझी सोय गेली. भोंग्याचं लग्न झालं आणि ती मागच्याच गल्लीत गेली. तिच्या नवऱ्याला एका कानाने कमी ऐकू येतं, आणि सगळ्यांच्या मते जोडा शोभून दिसतो.

मागच्या वर्षी थोरलीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात धाकटी आणि टपाल दोघी गेल्या. मी आपला औषधं आणून द्यायला. दारावरची नर्स म्हणाली, "आत एकालाच सोडते. नातं काय?"

"मी जाऊ तिची," धाकटी म्हणाली.

"आणि ह्या?"

टपाल अडली. एरवी आता ती अडत नाही. "मी त्यांच्या... त्यांच्याकडे असते," ती म्हणाली.

"कामाला?"

"कामाला पण."

"म्हणजे नात्याच्या नाहीत. बाहेर थांबा."

आतून, डोळ्यावर पट्टी बांधून पडलेल्या थोरलीचा आवाज आला. "कोण म्हणतं नात्याची नाही? रोज उलट बोलते मला. अजून काय पाहिजे? दोघींनाही आत सोड, नाहीतर बाहेर बसून माझीच निंदा करतील."

नर्सने दोघींना आत सोडलं. दार लोटलं जायच्या आत उशी उंच आहे की कमी, ह्यावरून तिघींचं सुरू झालं होतं.